आधी संडास दाखवा

भाचीच्या लग्नाची बोलणी करायला बाई मिरजोळ्याला गेल्या, तेव्हा सोबत म्हणून मी होते. मुलगा एमआयडीसीत चांगल्या नोकरीला, घर नवंकोरं, ओट्याला काळा ग्रॅनाइट, हॉलमध्ये भिंतभर टीव्ही. मुलाची आई ट्रे घेऊन आली. पोहे, वर ओलं खोबरं, वाफाळलेला चहा. बाईंनी कपाकडे बघितलंसुद्धा नाही. पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, "आधी संडास दाखवा."

बिचारीला वाटलं, पाहुण्यांना घाई आहे. ती लगबगीने पुढे झाली. बाईंना घाई नव्हती. त्यांनी नळ सोडून बघितला, साबण हाताशी आहे का ते बघितलं, कडी आतून लागते का ते बघितलं. मग मागच्या अंगणात गेल्या, शोषखड्डा कुठे आहे ते विचारलं, विहीर कुठे आहे ते विचारलं, आणि दोन्हींच्या मधे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. परत हॉलमध्ये येऊन मुलाच्या वडिलांना म्हणाल्या, "मुलगा पसंत आहे. पण तुमचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला खणलाय. हा जांभा दगड आहे, नुसती चाळण. तुम्ही वर जे सोडताय तेच खाली उपसून पिताय. आत्ता त्याच पाण्याचा चहा मला देताय. खड्डा हलवा, मग मुहूर्त काढू."

परतीच्या रिक्षात भाची हमसून हमसून रडत होती. बाई तिला म्हणाल्या, "रड. पण जुलाबाने रडण्यापेक्षा हे बरं."

खड्डा हलला. लग्न झालं. भाची पुढे कितीतरी दिवस मावशीशी बोलत नव्हती.

बाई म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रातल्या मोठ्या सिस्टर. रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या वर जो उघडा कातळाचा सडा आहे, त्यावर आमचं केंद्र. मी तिथे औषधांच्या खिडकीवर बसते, अजूनही बसते. बाळंतपणाची खोली बाईंची. ती खोली, तिच्यातलं लाल झाकणाचं पिंप आणि तिच्या शेजारचा संडास, एवढं त्यांचं राज्य. त्या राज्यात डॉक्टरसुद्धा विचारून पाय टाकायचे.

"ज्याचा संडास बघितला नाही त्याच्याकडचा चहा पिऊ नये," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि ते त्यांनी कुठेही सोडलं नाही. सत्यनारायणाला गेल्या तरी तेच, शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुण्या म्हणून बोलावलं तरी तेच. एकदा एका पुढाऱ्याच्या घरी महिला मेळावा होता. सकाळपासून बाया मांडवात बसवून ठेवलेल्या, पुढारी दुपारी उगवले. चहा फिरायला लागला. बाईंनी विचारायचं ते विचारलं. पुढारी हसले, म्हणाले, "बाई फार विनोदी आहेत." बाई म्हणाल्या, "विनोद नाय. एवढ्या बाया सकाळपासून तुमच्यासाठी बसल्यात. त्या चहा का पीत नाहीत, विचारलंत का कधी? प्यायला तर जायचं कुठे?" मांडवात कुणी हसलं नाही. बायांनी नुसते पदर तोंडाला लावले.

बाईंच्या ह्या वेडामागे काहीतरी गोष्ट असणार, असं सगळ्यांना वाटायचं. कुणी म्हणे लहानपणी बहीण कॉलऱ्याने गेली, कुणी म्हणे सासरी त्रास झाला. मी एकदा धीर करून विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच वेडी. "का म्हणजे काय गो? तुला लागत नाय?"

दुसरं वेड हाताचं. समोर आलेल्या माणसाचा हात धरायचा आणि त्याचा वास घ्यायचा. साबणाचा वास आला तर आत, नाही तर नळावर. नवरा असो, सासू असो, नाहीतर जिल्ह्याचा साहेब असो. साथीच्या काळात सगळीकडे हाताला चोळायच्या औषधाच्या बाटल्या आल्या, तेव्हा बाईंचा जो संताप झाला तो मी कधी विसरणार नाही. "ही नुसती लबाडी. घाण हातावरच ठेवायची आणि तिला अत्तर लावायचं!" ह्यात त्या चुकत होत्या. मी त्यांना समजावायला गेले, तर आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

आणि उगाच देवी करून त्यांना मखरात बसवायचं माझ्या मनात नाही. तोंड फार वाईट होतं. मुंबईहून बाळ बघायला धावत आलेल्या एका बापाला दारात अडवून, त्याची नखं सगळ्यांना दाखवून, असं काही बोलल्या की तो बाप्या रडायचाच बाकी राहिला. वाड्यावाड्यांतल्या आशाताई तर त्यांच्या समोर यायला घाबरायच्या. मी नवी होते तेव्हा एकदा गोळ्या मोजून तशीच जेवायला बसले. बाईंनी येऊन माझ्या डब्यावर झाकण घातलं, डबा उचलला आणि नळाजवळ नेऊन ठेवला. भर व्हरांड्यात, पेशंटांच्या देखत. पहिली दोन वर्षं मला ही बाई अजिबात आवडत नव्हती.

त्यांच्याबद्दल मत बदललं ते पाण्यामुळे.

कोकणात पाण्याची वाण आहे असं घाटावरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. पाऊस एवढा आणि पाणी नाही? पण सडा म्हणजे उपडी परात. पडलं ते वाहून जातं, उरलं ते जांभा पिऊन टाकतो. एप्रिल उजाडला की विहिरीचा तळ दिसतो. तरी पूर्वी एक भरवसा होता. मृग, आर्द्रा करत तो यायचा आणि दसऱ्याआधी जायचा. आता त्याचा काही ठिकाणाच नाही. बाई म्हणायच्या, "पाऊस पूर्वी परमनंट होता, आता रोजंदारीवर आलाय. मनात आलं की चार महिन्यांचं काम चार दिवसांत टाकतो नि निघून जातो." जून कोरडा आणि भात कापायच्या वेळेला वादळ, हे आता आम्ही दर वर्षी बघतो. वादळ आलं की वीज जाते. वीज गेली की पंप बंद. पंप बंद की बाळंतपणाच्या खोलीत पाणी नाही. कळा तर विजेला विचारून येत नाहीत.

जुनं केंद्र कौलारू होतं, विहिरीला रहाट होता. वीज असो नसो, शिपाई गणू दोन कळशा ओढून आणायचा. मग नवी इमारत आली. बदलत्या हवामानाला तोंड देणारी इमारत, असं तिच्या पाटीवर लिहिलेलं आहे. रहाट काढला. विहीर स्वच्छ राहावी म्हणून तिच्यावर सिमेंटचा स्लॅब टाकला, आत फक्त पंपाचा पाइप. छपरावर सोलर बसवलं, ते पहिल्याच विजेच्या लोळाने बंद पडलं आणि त्याचं यंत्र दुरुस्तीला पुण्याला गेलं ते गेलंच. म्हणजे वीज गेली की आमच्या पायाखाली भरलेली विहीर आणि आम्ही घोटभर पाण्याला महाग. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे तर काखेतल्या कळशाला सरकारी झाकण होतं.

आणि ती टाकी! इमारतीच्या कोपऱ्यावर जांभ्या चिऱ्यांचा उंच चौथरा, त्यावर पावसाचं पाणी साठवायची टाकी, तिच्यातून थेट बाळंतपणाच्या खोलीत आणि संडासात आपोआप उतरणारे नळ. फार चांगली कल्पना. फक्त छपराला पन्हळ नव्हती. पत्र्यावरचं पाणी टाकीपर्यंत पोचवणारी जी साधी पन्हळ, तीच नव्हती. इंजिनिअरला विचारलं तर म्हणाला, "टाकी ह्या योजनेत येते, पन्हळ दुसऱ्या योजनेत." अख्खा पावसाळा टाकीपासून वीतभर अंतरावर पाऊस धो धो कोसळत होता आणि टाकी आतून ठणठणीत कोरडी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मला ते आठवलं की अजून हाताच्या मुठी वळतात.

बाईंनी अर्ज केले, भांडल्या, आणि मग नाद सोडून खाली खाडीकाठच्या एका आगरात गेल्या. तिथे पोफळीची दोन झाडं वादळात पडली होती. त्यांनी ती मागून घेतली, खोडं उभी चिरून घेतली, आतला गाभा कोरून काढला. आमच्याकडे बागेला पाणी फिरवायला पिढ्यान् पिढ्या अशाच पन्हळी वापरतात, त्यात नवीन काही नाही. गणूने त्या तारेने पत्र्याच्या कडेला बांधल्या, टाकीच्या तोंडाला जुन्या पंच्याचं फडकं लावलं. पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून द्यायचं, मग टाकीकडे वळवायचं, क्लोरीन घालायचं. त्या वर्षी वीज तीन तीन दिवस जायची, तरी बाळंतपणाच्या खोलीत नळाला धार होती. बाई नळ सोडायच्या आणि बंद करायच्या, उगाचच. मी त्यांना त्या काळात एकदा गुणगुणताना ऐकलं. काय गात होत्या ते कळलं नाही, पण सूर भलताच होता.

मग आमच्या केंद्राचं नाव आदर्श केंद्राच्या बक्षिसासाठी गेलं, आणि तपासणीला वरून टीम येणार असं ठरलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी तालुक्याचे साहेब पूर्वतयारी बघायला आले. ऑक्टोबर होता, भात कापायला आलेलं, आणि परत एक वादळ घोंघावत होतं. बाई त्या दिवशी लसीकरणाला दूरच्या वाडीत गेल्या होत्या. साहेबांनी छत्रीखालून वर बघितलं आणि म्हणाले, "हे काय लटकवलंय? गोठा आहे का आरोग्य केंद्र? फोटो निघणार आहेत उद्या." आमचे डॉक्टर तरुण होते, मनाने चांगले होते, पण साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला की त्यांच्या पाठीचा कणा कुठे जायचा कोण जाणे. मी सांगितलं, सर, त्या पन्हळीवर आपलं पाणी आहे. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही कोण? फार्मासिस्ट ना? मग औषधं बघा."

पन्हळी उतरवल्या. पत्र्याला घाईघाईने रंग मारला. टाकीला आतून-बाहेरून पांढरा रंग द्यायचा म्हणून तिच्यातलं होतं नव्हतं ते पाणी सोडून दिलं. त्यातल्याच शेवटच्या पाण्याने संडास धुऊन आरशासारखे केले, आणि तपासणीपर्यंत कुणी घाण करू नये म्हणून त्यांना बाहेरून कुलपं लावली. किल्ली डॉक्टरांच्या खिशात.

आमच्या लोकांची ही खोड मला कळत नाही. चांगली वस्तू मिळाली की ती वापरायची नाही, झाकून ठेवायची, पाहुण्याला दाखवायची. घरात काचेचे कप कपाटात आणि आपण फुटक्या कपातून पिणार. पण कपाशिवाय माणसाचं अडत नाही हो. संडासाशिवाय अडतं.

संध्याकाळी बाई परत आल्या. ओल्या छत्रीसकट अंगणात उभ्या राहिल्या आणि वर बघत राहिल्या. पन्हळी कचऱ्याच्या ढिगावर पडल्या होत्या. गणू खाली मान घालून म्हणाला, "साहेबांनी सांगितलान, काढा. मी काय करू?"

बाई सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. "किल्ली द्या."

"बाई, उद्याचा एक दिवस," डॉक्टर हात जोडून म्हणाले. "फक्त एक दिवस. परवा मी स्वतः पन्हळी बांधून देतो."

"मग कळांनाही सांगा तसं. उद्या साहेब आहेत, परवा या."

"उद्या कुणाची तारीख नाहीये, बाई. मी बघितलंय."

"तारीख बघून जन्मलात काय तुम्ही?"

पण किल्ली डॉक्टरांनी दिली नाही. ते घरी गेले आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेली.

सकाळी वारा भणाणत होता. वीज पहाटेच गेली होती, मोबाईलला रेंज नव्हती. डॉक्टर टीमच्या स्वागताला पुष्पगुच्छ घेऊन हातखंब्याला गेले होते, हायवेवर. आणि पूर्णगडाकडून एक रिक्षा आली. आत नाजनीन आणि तिची सासू. नाजनीनचं पहिलंच बाळंतपण, नवरा कुवेतला बोटीवर. दिवस भरायला वेळ होता, पण कळा सुरू झाल्या होत्या. बाईंनी तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. ठोके छान होते. ते मी मुद्दाम सांगते. बाई हसून तिच्या सासूला म्हणाल्या सुद्धा, "घोडा दौडतोय आत. अजून अवकाश आहे, जरा चालू दे तिला."

थोड्या वेळाने सासू खिडकीशी आली. मला म्हणाली, "बाय, पोरीला संडासला जायाचा हाय. कुठं जाऊ?"

मी बाईंना हाक मारली. बाई संडासापाशी गेल्या, कुलूप हिसडून बघितलं, दाराला लाथ मारली. दार नवं होतं, हललं नाही. "गणू, पहार कुठाय?" पहार मागच्या शेडमध्ये होती, शेडसमोर रंगाचे डबे रचलेले. बाई स्वतः गेल्या डबे उपसायला. मी नाजनीनला म्हटलं, थांब गं, आलंच. ती मान हलवत होती, घामाने डबडबली होती, आणि लाजत होती. अवघडलेली बाई, पोटात कळ, आणि लाज कशाची तर जायची.

ती थांबू शकली नाही. कुणाला थांबता येईल? सासूचा हात धरून ती मागच्या दाराने कातळावर गेली, पावसात, आडोसा शोधत. चार महिने पाऊस खाल्लेला कातळ, त्यावर हिरवं शेवाळ. आम्ही धडधाकट माणसं तिथे पाय टाकत नाही.

बाई पहार घेऊन येत होत्या, तेव्हाच किंचाळी ऐकू आली.

मी पळत गेले तेव्हा नाजनीन पोटावर पडली होती आणि सासू तिला उठवायचा प्रयत्न करत होती. पायाखालचं पावसाचं पाणी लाल झालं होतं. आम्ही तिघींनी तिला उचलून आत आणलं. पुढचं सगळं मला सांगवत नाही, पण पाण्याचं सांगते. नळाला पाणी नव्हतं, पिंपही कालच्या धुलाईत रिकामं झालं होतं. पागोळ्यांखाली बादल्या लावल्या तर नव्या रंगाचं पांढरट पाणी यायला लागलं. बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "साहेबांचं पाणी आण गो." टीमसाठी बाटलीबंद पाण्याचे खोके आणून डॉक्टरांच्या खोलीत रचले होते. मी ते फोडले. त्या बाटल्या एकेक करून बाईंच्या कोपरावर, हातावर, हत्यारांवर, नाजनीनच्या अंगावरच्या चिखलावर रिकाम्या झाल्या. 

मुलगा झाला. तो रडला नाही. बाईंनी त्याला उलटा धरला, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, छातीवर बोटं दाबत राहिल्या. मी थांबा म्हटलं तरी थांबल्या नाहीत. मग त्यांनी उरलेल्या शेवटच्या बाटलीतलं पाणी घेऊन त्याला नीट धुतलं, बगला, मानेच्या वळ्या, बोटांच्या बेचक्या, जिवंत बाळाला धुतात तसं, आणि कपड्यात गुंडाळून सासूच्या मांडीवर दिला. सासूने त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हटलं. नाजनीनचं रक्त तेवढ्यात आटोक्यात आलं होतं, पण तिला रत्नागिरीला पोचवायला हवं होतं, लगेच.

आणि बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले.

टीमचे मोठे साहेब उतरले. चांगल्या वयाचे, मधुमेही असावेत. हायवेच्या खड्ड्यांतून आले होते. डॉक्टर पुष्पगुच्छ पुढे करत होते, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते घाईघाईने व्हरांड्यात आले आणि विचारलं, "टॉयलेट कुठे आहे?"

बाई दारात उभ्या होत्या. कोपरापर्यंत रक्ताने माखलेल्या. हात धुवायला पाणीच शिल्लक नव्हतं. ते हात त्यांनी तसेच पुढे केले आणि मागच्या दाराकडे दाखवलं.

"तिकडे कातळावर जा. आत्ताच एक पोर गेली होती तिकडे. संडास आमच्याकडे आहे, पण तो तुमच्यासाठी स्वच्छ ठेवलाय, म्हणून बंद आहे. किल्ली ह्यांच्या खिशात आहे." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "काढा किल्ली. काढा आता! आता द्या, साहेबांना घाई आहे."

डॉक्टरांच्या हातातून पुष्पगुच्छ खाली पडला. बाई मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "तुमची गाडी मला हवी." त्यांनी गाडी दिली, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. नाजनीन त्या गाडीतून रत्नागिरीला गेली आणि वाचली.

ते साहेब मात्र शेवटी कातळावर गेले की नाही, मी बघितलं नाही. तपासणी झाली. टाकी आहे? आहे. सोलर आहे? आहे. संडास स्वच्छ? अगदी आरशासारखे.

दुपारी पाऊस जरा उघडला, तेव्हा बाईंनी शिडी मागवली. ढिगावरच्या पन्हळी उचलून आणल्या. साठीला आलेली बाई, नऊवारी नव्हे साधं पातळ, पण कासोटा घालून शिडीवर चढली. डॉक्टर आले आणि शिडी धरून उभे राहिले. ते रडत होते. बाईंनी वरून बघितलं. मला वाटलं, आता चांगला शब्द बोलतील. "नीट धरा," त्या म्हणाल्या. "आज एक पडणं पुरे झालं."

पन्हळी बांधून झाल्यावर त्यांनी पहार घेतली आणि दोन्ही संडासांच्या बाहेरच्या कड्या, कोयंडे, सगळं उपटून काढलं. लाकडाच्या ढलप्या उडाल्या. आतल्या कड्या तेवढ्या ठेवल्या. "आता लावा कुलूप," त्या म्हणाल्या. "कशाला लावताय ते बघते."

आमच्या केंद्राला बक्षीस मिळालं. मानपत्र प्रवेशद्वाराशी लावलेलं आहे, येता-जाता मला ते बघावं लागतं. बाईंना नोटीस मिळाली. वरिष्ठांशी उद्धट वर्तन, आणि शासकीय मालमत्तेचं नुकसान. मालमत्ता म्हणजे दोन कड्या. मुलाचं नुकसान कुणाच्या नावावर मांडलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पडून मेला, असं सगळे म्हणतात. पडून मेला म्हणे! कातळाने मारला, पावसाने मारला, नशिबाने मारला. कुलूप कुणीच म्हणत नाही.

चौकशीला रत्नागिरीला बोलावलं तेव्हा मी बाईंबरोबर गेले. तासन् तास बसवून ठेवलं, मग आतून चहा आला, जरा गोडीगुलाबीने मिटवावं म्हणून. एक साहेब म्हणाले, "सिस्टर, घ्या, चहा घ्या, माफीच्या चार ओळी लिहून द्या, विषय संपला." बाई उठल्या. मला कळलं, आता काय होणार. मी डोळे मिटून घेतले.

"आधी संडास दाखवा."

पॅसेजच्या टोकाला होता. दारावर "फक्त अधिकाऱ्यांसाठी" असा बोर्ड आणि खाली पितळी कुलूप. बाई परत आल्या, चहाचा कप बोटाने दूर सरकवला आणि म्हणाल्या, "माफी कशाची मागू, ते तेवढं सांगा."

त्यांची बदली दूरच्या एका उपकेंद्रावर झाली, निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना. तिथूनच त्या घरी गेल्या. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. आता गावाकडे असतात. मी जाते अधूनमधून. दारात गेलं की माझा हात धरून वास घेतात, मग म्हणतात, "बस. पन्हळी साफ करत्येस ना?" त्या दिवसाबद्दल त्या कधीच बोलल्या नाहीत. एकदाच, काहीतरी भलताच विषय चालू असताना, मधेच म्हणाल्या, "पहार दाराशी ठेवायला हवी होती." आणि उठून आत गेल्या.

ह्या वर्षी पावसाळ्यात एक रिक्षा आमच्या दारात थांबली. मी खिडकीतून बघितलं आणि हातातली गोळ्यांची पाकिटं खाली ठेवली. नाजनीन होती. पोट चांगलं दिसत होतं. सोबत सासू, आणि ह्या खेपेला नवराही, सुट्टीवर आलेला. आमच्या नव्या डॉक्टर मुलीने हसून खुर्ची पुढे केली. "या, बसा. नाव नोंदवू या आधी."

सासू बसली नाही. तिने नाजनीनलाही बसू दिलं नाही. डॉक्टरांना म्हणाली, "आधी संडास दाखवा."

डॉक्टरला काही कळलं नाही, ती बावरून माझ्याकडे बघायला लागली. मी बाहेर आले. नाजनीनने मला ओळखलं. मी पुढे चालले, त्या मागे. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली होती, पन्हळीतून टाकीत धार पडत होती. दारापाशी नाजनीन थांबली. कडी उपटली होती तिथे लाकडात अजून भोकं आहेत. तिने त्यांवरून बोट फिरवलं, आणि आत गेली.

आतून कडी लागली. मग नळ सुटल्याचा आवाज आला. तो बराच वेळ तसाच येत राहिला. सासू भिंतीला टेकून, डोळे मिटून, तो ऐकत उभी होती. नळ बंद झाला तेव्हा तिने डोळे उघडले आणि मला म्हणाली, "आता नाव लिवा."